भरशील हळूहळू

पडद्याआडून आकडे येत होते आणि मी वहीत उतरवत होतो. खांदा साडेचौदा. छाती छत्तीस. कंबर बत्तीस. मग बाही, आणि तिथं आवाज थांबला. मी पेन्सिल टेकवून वाट बघत राहिलो. बाहीचा आकडा काही येईना. मग पडदा सरकला, माझी मुलगी बाहेर आली, गळ्यातली टेप काढून तिनं माझ्यापुढे ठेवली आणि दुकानाच्या दोन पायऱ्या उतरून रस्त्याला लागली. पायात चप्पल नव्हती.

आत जी बाई होती ती पोस्टात काम करते. आमचं जुनं गिऱ्हाईक. ती बिचारी एक हात बाजूला ताणून तशीच उभी. बऱ्याच वेळानं तिनं आतूनच विचारलं, "मास्तर, मी हात खाली घेऊ का?"

घ्या म्हणालो. दुकान तिच्यावर सोपवून मुलीच्या मागे धावलो. मुलगी कुठं लांब गेली नव्हती. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती. तळव्यांना रस्त्याची धूळ तशीच. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "काही नाही. दमले." रविवार होता, सकाळचे साडेअकरा वाजले होते.

आमचं दुकान मी आणि माझी बायको मिळून चालवायचो. कापणं आणि शिवणं माझं, बायकांची मापं घेणं तिचं. पडद्याआडून ती आकडे सांगायची, मी लिहून घ्यायचो. बावीस वर्षं हेच. तिचा आवाज खणखणीत होता. एकदा मी म्हटलं, अगं, समोरच्या घड्याळवाल्याला गिऱ्हाइकांची मापं पाठ झाली असतील. मग ती हळू सांगायला लागली. मग मला ऐकू येईना आणि एका शाळामास्तरणीचा झगा मी चार इंच आखूड कापला. त्यानंतर घड्याळवाल्याची पर्वा आम्ही सोडून दिली.

ती गेली त्याला आता दीड वर्ष होईल. पोटाचं दुखणं होतं. कळल्यापासून सात आठवडे मिळाले. तीन आठवड्यांनी मी दुकान उघडलं तर पहिलीच एक बाई कापड घेऊन आली. मी टेप हातात घेऊन उभा. पुढे काय करायचं ते सुचेना. मुलगी मागे स्टुलावर शाळेचा अभ्यास करत बसली होती. ती उठली, माझ्या हातातून टेप घेतली आणि पडद्याआड गेली. आतून आवाज आला, "खांदा पंधरा." तोच आवाज. मी लिहून घेतलं. मी तिला 'कर' म्हणालो नव्हतो. पण 'नको' असंही म्हणालो नाही. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं होतं, हेही खरं ते लिहितो.

मुलीला सगळे बटण म्हणायचे. वर्षाची असताना तिनं एका कोटाचं बटण गिळलं होतं. दोन दिवस आम्ही दोघं तिच्या मागे डोळ्यांत तेल घालून होतो. बटण निघालं. कोटाला मात्र आम्ही दुसरं लावलं. मोठी झाली तशी ही बटण फार वांड झाली. जेवताना बोलायची, शिकवणीला पोचेपर्यंत बोलायची, दुकानातल्या फॅशनच्या पुस्तकातल्या सगळ्या बायकांना तिनं मिशा काढून ठेवल्या होत्या. गिऱ्हाईक पुस्तक चाळायला लागलं की आई लाजेनं अर्धी व्हायची.

आई गेल्यावर ती गप्प झाली. शाळा सुटली की थेट दुकानात यायची, मापं घ्यायची, घरी जाऊन स्वयंपाक करायची. आईचे कपडे कपाटात पडून होते, ते वापरायला लागली. गिऱ्हाइकं म्हणायची, अगदी आई उभी राहिल्यासारखी वाटते हो. काही जणी रडायच्या. हळूहळू तिला बटण म्हणणं सगळ्यांनी सोडलं. मीही सोडलं. पोरगी शहाणी झाली, असं मी समजत होतो. ती केस धुवायची विसरते, ताटात निम्मं ठेवते, पुस्तकाचं एकच पान तासभर उघडं असतं, हे दिसत होतं. दिसतं म्हणजे समजतं असं नाही.

तिला सोळावं लागलं तेव्हा मी तिला न सांगता एक ड्रेस शिवला. दुकानात खिळ्याला माझ्या बायकोचा खाका टांगलेला असायचा. खाका म्हणजे मापाप्रमाणे कापलेला जाड तपकिरी कागद, तो कापडावर ठेवून खडूनं आखायचं. तोच काढला, निळ्या कापडावर ठेवला, कापलं. मुलीचं माप घेतलं नाही. परक्याचा रुमालसुद्धा मी माप घेतल्याशिवाय कापत नाही. पण घरच्या माणसाचं माप काय घ्यायचं, ते आपल्या हाताला ठाऊक असतं, असा शिंप्याला माज असतो. तिनं तो घातला तर कंबरेत ढगळ आणि बाह्या दीड इंच आखूड. ती आईपेक्षा उंच आहे, खांद्यानं रुंद आहे, आणि डावा खांदा जरा उतरता आहे. दुसरा कुणी असता तर मी कपडा उसवून नव्यानं कापला असता. तिला मी म्हणालो, "कंबरेत जास्तीचं कापड ठेवलंय. भरशील हळूहळू." बाह्यांबद्दल काहीच बोललो नाही. तिनं तो ड्रेस महिनाभर घातला. पडद्याआडून निघून गेली त्या दिवशीही तोच अंगावर होता.

ती पडली ती पडलीच. पाच दिवस झाले, आठ झाले. हाक मारली की उठून बसायची आणि पुन्हा आडवी व्हायची. माझी मोठी बहीण आली. आम्ही तिला आक्का म्हणतो. तिनं पांघरूण ओढलं, खिडकी उघडली, पोरीला चार शब्द सुनावले. मग बाहेर येऊन मला म्हणाली की हे वयच असं असतं, हिला कामाला जुंप, आपल्या वेळी कुणाला वेळ होता उदास व्हायला. माझंही मत तेव्हा फार वेगळं होतं असं नाही. उद्या तिला उठवून दुकानात नेऊ, असं आमचं ठरलं.

त्याच दिवशी संध्याकाळी पोस्टातली बाई आपलं कापड परत न्यायला आली. मी माफी मागायला लागलो तर तिनं ऐकूनच घेतलं नाही. तिचा भाचा असाच पडून होता म्हणे. सरकारी दवाखान्यात दर मंगळवारी एक डॉक्टरीण बसते, ती या वयाच्या मुलांचं बघते, असं तिनं सांगितलं. मी म्हटलं, बघू. ती जायला निघाली, दारात थांबली आणि म्हणाली, "बघू नका, मास्तर. न्या."

मंगळवारी नेलं. रिक्षात ती माझ्या खांद्याला टेकून बसली. प्रेमानं नाही, बसायचं बळच नव्हतं. डॉक्टरबाईंनी मला बाहेर बसवलं. हात कसे धुवावेत याचा एक तक्ता समोर होता, तो मी दहा-बारा वेळा वाचला. पाऊण तासानं मला आत बोलावलं.

डॉक्टरबाईंनी सगळं सरळ सांगितलं. याला नैराश्य म्हणतात, हा आजार आहे. आळस नाही आणि नाटक नाही. आईचं दुःख तर आहेच, पण त्याच्या ओझ्याखाली पोरीचं बाकीचंही सगळं दबून गेलंय. मग त्यांनी मुलीला विचारलं, मला सांगितलंस ते बाबांना तू सांगतेस की मी सांगू? मुलगी स्वतःच म्हणाली, "मरायचं वगैरे नाही ठरवलेलं. पण सकाळी जागच आली नाही तर बरं, असं वाटतं. रोज."

 डॉक्टरबाईंनी पुढचं समजावलं. गोळ्या रोज द्यायच्या, पण त्या माझ्या ताब्यात ठेवायच्या. काही दिवस तिला एकटं सोडायचं नाही. घरात धारदार काही नको. आमचं घर म्हणजे कात्र्यांचं घर. सगळ्या कात्र्या दुकानात नेऊन कुलूप लावतो म्हणालो. त्या लिहीत होत्या. मग मान वर करून त्यांनी सहज विचारावं तसं मला विचारलं, "हिला काय आवडतं?"

एवढं तर मला येत होतं. मी सांगितलं, निळा रंग आवडतो. चहा कडक लागतो. रेडिओवरची जुनी गाणी आवडतात.

मुलगी जमिनीकडे बघत होती. तशीच म्हणाली, "निळा आईचा. चहा आईचा. गाणी तुमची."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मग तुझं काय?" मी विचारलं.

"मला नाही माहीत." पहिल्यांदा तिनं माझ्याकडे बघितलं. "कळायला वेळ तरी दिला का कुणी? मी पडद्याआड गेले आणि संपले. बायका मला बघून रडतात, मग मीच त्यांना पाणी आणून देते. मी आई नाहीये, बाबा. तो ड्रेस मला होत नव्हता. तुम्हाला दिसत होतं. तरी तुम्ही म्हणालात, भरशील हळूहळू."  मग सावकाश म्हणाली, "मला नाही भरायचं."

एवढी वाक्यं सलग ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती, ती वाटलीच. पण त्याच्या आधी एक क्षण मला बरं वाटलं. ही भांडतेय, म्हणजे आहे अजून, असं वाटलं.

दवाखान्यातून तिला आक्काकडे सोडलं आणि मी दुकानात गेलो. खिळ्यावरचा खाका काढला. त्यात माझ्या बायकोची उंची होती, खांदा होता, पाठीचा बाक होता. तो कापडावर ठेवून मी का कापलं, ते मला तिथं उभं राहून कळलं. पण पुरा अंगाला बसला असता तरी त्या ड्रेसमधून माझी बायको उठून उभी राहणार नव्हती. मी खाका गुंडाळला आणि माझ्या कपड्यांच्या पेटीत ठेवला. तो माझा होता. पोरीचा त्याच्याशी संबंध नव्हता. मग एका पुठ्ठ्यावर लिहून तो पुठ्ठा दारावर लावला: 'बायकांची मापं घेतली जाणार नाहीत. मापाचा जुना कपडा आणावा.'

शाळेत रजेचा अर्ज द्यायचा होता. आक्काला पोरीजवळ बसवून गेलो. तिच्या वर्गशिक्षिका भल्या आहेत. त्यांनी मला बाजूला घेऊन सुचवलं की कारणात कावीळ लिहा, सगळे तेच लिहितात, पोरीला पुढे त्रास नको. मी घरून ठरवून गेलो होतो. मी लिहिलं, नैराश्य. त्या म्हणाल्या, विचार करा. मी म्हटलं, कावीळ झाली असती तर कावीळच लिहिलं असतं. खाली सही केली. छाती काढून घरी आलो आणि मुलीला सांगितलं.

ती ऐकून उठून बसली. "मला विचारलंत?"

"नाही."

"वर्गातल्या मुलींना कळेल ते. तुम्हाला नाही तिथं बसायचं, मला बसायचंय."

पुन्हा तेच केलं होतं मी. न मोजता कापलं होतं. मी म्हणालो, जाऊन बदलून आणतो, आत्ता जातो. चपला घातल्याही. तिनं माझ्या पायांकडे बघितलं. मग म्हणाली, "राहू दे. आता कावीळ लिहिलंत तर मीच खोटी पडेन." आणि वर म्हणाली, "पण यापुढे विचारायचं."

यापुढे विचारायचं, हे मी कबूल केलं.

तिला एकटं ठेवायचं नव्हतं, म्हणून ती दुकानात यायची. टेपला हात लावायचा नाही अशी ताकीद मीच दिली होती. कात्र्या कुलपात, हातातली एक तेवढी माझ्याजवळ. मागे कापडाच्या गठ्ठ्यांवर पडून राहायची. गिऱ्हाइकं यायची, पुठ्ठा वाचायची, गठ्ठ्यांवर पडलेल्या पोरीकडे बघायची आणि नाक मुरडून जायची. एक जण म्हणाली, मास्तर, लेकीनं दांडी मारली म्हणून आम्हाला शिक्षा का? बऱ्याच जणी पुढच्या गल्लीतल्या दुकानात जायला लागल्या. पोस्टातली बाई मात्र तीन जुने झगे पिशवीत घालून आली आणि म्हणाली, यांतला जो बसतो तो तुम्हीच शोधा.

आणि एक दिवस भर दुपारी आक्का आली. दारावरचा पुठ्ठा तिनं मोठ्यानं वाचला, सगळ्या गल्लीला ऐकू जावा तसा. मग आत येऊन सुरू झाली. पोरीच्या लाडापायी दुकान बुडवशील. त्या गोळ्यांनी गुंगत ठेवलंयस तिला. उद्या लोकांना सांगायचं काय?

"आजारी आहे म्हणून सांग," मी म्हटलं. "आणि आक्का, तू सकाळ-संध्याकाळ साखरेच्या आजाराची गोळी घेतेस, ती काय गुंगीसाठी घेतेस?"

"माझ्यावर येऊ नकोस. आईवेगळी पोर आहे. तिला आईचं वळण लागायला नको? तिच्या जागी उभी राहत होती, किती शोभत होती."

"ती जागा रिकामी आहे," मी म्हणालो. "रिकामीच राहणार. तिथं उभं राहायला तिची आई मला हवी होती, आक्का. पोरीला नाही, मला. ते माझं मी बघेन."

हातात कुणाची तरी बाही होती. ती उगाच उलटसुलट करत मी उभा राहिलो.  तेवढ्यात मागून आवाज आला.

"आत्या, मी इथंच आहे. मला विचार ना."

आक्का गडबडली. "बरं बाई, तुला विचारते. काय होतंय तुला?"

"काहीच होत नाही," मुलगी म्हणाली. "तेच होतंय."

 आक्का स्टुलावर बसली. पाणी मागितलं. मुलगी उठायला लागली तर मीच पुढे होऊन आणून दिलं. आक्का अर्ध्या तासानं गेली. जाताना पोरीच्या डोक्यावरून तिनं हात फिरवला. माझ्याशी मात्र महिनाभर बोलली नाही.

गोळ्या सुरू झाल्या आणि पोरगी उठली, असं काही झालं नाही. पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता, उलट पोट बिघडलं. मग एकदा तिनं आपण होऊन केस धुतले. मग चार दिवस पुन्हा पडून. दर मंगळवारी डॉक्टरबाईंशी बोलायला जायची, आत काय बोलायची ते मी विचारत नव्हतो. चहा तिनं सोडला. चहा आवडत नाही, हे तिला पहिलं कळलं. निळा रंग तिला आवडतही नव्हता आणि खुपतही नव्हता. माझी गाणी मात्र तिनं अजून दुकानात चालू दिली होती. तिसऱ्या महिन्यात ती शाळेत जायला लागली, आठवड्यातले तीनच दिवस. एका मुलीनं तिला विचारलं म्हणे, तू वेडी झाली होतीस का? "मी म्हटलं, आजारी आहे, चावत नाही," असं तिनं मला सांगितलं. मी हसलो. ती हसली नाही, पण तिनं ते मला सांगितलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. शाळेतून घरी आली तेव्हा तिच्या अंगात एक शर्ट होता. बाजारातला, तयार. आमच्या घरात तोवर तयार कपडा कधी आला नव्हता. रुमालाची कडसुद्धा आम्ही घरी मुडपायचो. आणि हा शर्ट पुरुषी, पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांचा, तिला चांगला दोन मापं मोठा. खांदे दंडावर उतरलेले. खिशाचे पट्टे छातीच्या पट्ट्यांना जुळत नव्हते. कॉलरचं एक टोक दुसऱ्यापेक्षा लांब. तिसरं काज वाकडं. हे सगळं ती दाराचा उंबरा ओलांडायच्या आत मला दिसलं. डोळ्यांना दुसरं काही येतच नाही.

ती समोर येऊन उभी राहिली. "बोला."

"काय बोलू?"

"खिसा वाकडा आहे ना?"

"आहे."

"कॉलर?"

"तीही आहे."

"आणि मोठा आहे."

"आहे."

"मला असाच हवा होता," ती म्हणाली. "पाच दुकानं फिरले. घालून बघितले सगळे. हा आवडला. का ते माहीत नाही."

मी विचारलं, "काज तेवढं नीट करून देऊ का?" विचारलं, केलं नाही.

तिनं शर्टाकडे खाली बघितलं, विचार केला. "नको."

मग म्हणाली की वह्या आणायच्यात, येता का. आमच्या घरून वह्यांच्या दुकानाकडे जायचं तर सगळी शिंप्यांची गल्ली ओलांडावी लागते. माझ्या दुकानाखेरीज चार दुकानं, काज-बटणवाला, अस्तरवाला, सगळे मला वीस वर्षांपासून ओळखणारे. मागच्या रस्त्यानंही जाता आलं असतं. ती मुद्दाम गल्लीत वळली, रस्त्याच्या मधून, ना सावलीतून ना कडेनं. काज-बटणवाल्यानं मशीन थांबवलं. चष्मा कपाळावर नेला.

"काय मास्तर," तो म्हणाला, "शिंप्याची पोरगी आणि बाजारचा शर्ट? कुणी शिवलाय हा?"

"कुणी का शिवेना," मी म्हटलं. "निवडलाय तिनं."

ती थांबली नाही. वळूनही बघितलं नाही. हात हलवत पुढे चालली होती, डावा खांदा जरा उतरता. शर्टाच्या पाठीवरची शिलाई दोन सूत डावीकडे सरकली होती. मी दोन्ही हात खिशात घातले आणि तिच्या मागे चालत राहिलो.